सासूबाईंच्या कुत्र्याचा परवाना

आमच्या टकर्स मिल गावात माणसाला जन्माला यायला, लग्न करायला आणि मरायला जेवढे कागद लागतात, त्याहून एक जास्त कुत्र्याला लागतो. हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं, कारण तोवर माझा कुत्र्यांशी काही संबंध आला नव्हता. तसा तो आताही नाही. टर्निप हा माझ्या सासूबाईंचा कुत्रा आहे आणि तो माझ्या खुर्चीत बसतो, एवढंच आमचं नातं.

टर्निप म्हणजे सलगम. पिल्लू असताना त्याने सासूबाईंच्या परसातून पहिली चोरी सलगमाची केली, म्हणून हे नाव. रंग तपकिरी, कान लांब, वय नऊ. चेहरा असा की आत्ताच कुणीतरी त्याचा अपमान केलाय. नडीन, म्हणजे माझी बायको, म्हणते की म्हणूनच तुम्हा दोघांचं जमत नाही, एका घरात असे दोन चेहरे जास्त होतात.

माझी ओळख करून द्यायला हवी, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यात जास्त नुकसान माझ्या अब्रूचं झालं. मी ऑरिन थेअर. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि गेली अकरा वर्षं गावसभेचा अध्यक्ष आहे. आमच्या व्हरमाँट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव एका हॉलमध्ये जमतं आणि रस्त्यांपासून शाळेच्या छपरापर्यंत सगळं हात वर करून ठरवतं. लोक विणकाम करत करत भांडतात, आणि हातोडा माझ्याकडे असतो. विषयपत्रिकेत नाही त्या विषयावर मी चकार शब्द बोलू देत नाही. गावात माझ्याबद्दल आदर आहे, निदान मार्चपर्यंत तरी होता.

ऑक्टोबरात माझे सासरे होबर्ट वारले. विनिफ्रेड, म्हणजे सासूबाई, वय चौऱ्यांशी, शेतावरचं घर विकून नोव्हेंबरात आमच्याकडे आल्या. सोबत दोन ट्रंका, एक डोलखुर्ची आणि टर्निप. माझी अभ्यासिका त्यांना दिली. मी तक्रार केली नाही. मी फक्त माझे नकाशे तळघरात नेताना जरा मोठ्याने श्वास घेत होतो, असं नडीनचं म्हणणं आहे.

पण सासूबाईंनाच आमच्याकडे राहायचं नव्हतं. नदीकाठी ज्येष्ठांसाठी सदनिका आहेत, तिथे त्यांनी नाव घातलं होतं आणि फेब्रुवारीत एक रिकामी झाली. तळमजला, खिडकीतून नदी. तिथे कुत्रे चालत नाहीत, पण डॉक्टरचं पत्र असेल तर मनाला आधार म्हणून ठेवलेला कुत्रा चालतो. डॉक्टरांनी ते पत्र पाच मिनिटांत लिहून दिलं. होबर्ट गेल्यापासून टर्निप जेवल्याशिवाय या जेवत नाहीत आणि तो झोपल्याशिवाय झोपत नाहीत, हे डॉक्टरांना मला सांगायचीही गरज पडली नाही. आता राहिला होता फक्त गावाचा परवाना. कुत्र्याच्या परवान्याची प्रत गावसभेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी बारापर्यंत व्यवस्थापिकेच्या टेबलावर हवी. नाहीतर सदनिका यादीतल्या पुढच्या माणसाला.

"कुत्र्याशिवाय मी जाणार नाही," सासूबाईंनी सांगून टाकलं.

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो. तीन आठवडे हाताशी होते. हे वाक्य मला नडीन अजून ऐकवते.

गावाचं कार्यालय मंगळवारी आणि गुरुवारी उघडं असतं. तिथे सव्वीस वर्षं गावाची क्लार्क म्हणून व्हर्ना पूल बसते. व्हर्ना आणि मी शाळेत एका वर्गात होतो. तेव्हाही ती वहीला समास आखायची. तिचं आणि माझं चार वर्षांपासून जरा बिनसलेलं होतं. झालं असं की एका गावसभेत तिने बुधवारीही कार्यालय उघडं ठेवायला एक मदतनीस मागितली. सगळा हॉल हात वर करायच्या बेतात होता. पण हा विषय विषयपत्रिकेवर नव्हता, म्हणून मी हातोडा आपटून मागणी नियमबाह्य ठरवली. नियम तो नियम. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, आणि माझं तिच्याकडे कधी काम पडत नव्हतं.

पहिल्या मंगळवारी मी गेलो तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तिने टेबलाचा खण उघडला. आत हात घातला, आणि मग विचारलं, "रेबीजच्या लसीचा दाखला?"

दाखला नव्हता. मी म्हणालो, कुत्रा सज्जन आहे, सगळं गाव ओळखतं. व्हर्नाने शांतपणे हात बाहेर काढला आणि खण बंद केला. सज्जनपणाचा दाखला चालत नाही, म्हणाली, पशुवैद्याचा लागतो.

घरी येऊन शोधाशोध. होबर्ट कागद कुठे ठेवायचे हे देवाला आणि त्यांनाच माहीत, आणि दोघेही आता एकाच ठिकाणी. शेवटी सासूबाईंना आठवलं की दुसऱ्या ट्रंकेत होबर्टच्या हत्यारांबरोबर एक कॉफीचा डबा आहे. त्यात खिळे होते, स्क्रू होते, पितळी बिल्ल्यांचा एक ढीग होता आणि तळाशी दाखला होता. बिल्ले मी बाजूला ओतले आणि दाखला घेऊन गुरुवारी हजर झालो.

व्हर्नाने पुन्हा खणाला हात लावला आणि दाखल्यावरची तारीख वाचून पुन्हा काढला. लस तीन वर्षांची होती. ती संपून नऊ दिवस झाले होते. मी म्हणालो, नऊ दिवसांत कुत्रा काय पिसाळणार आहे? ती म्हणाली, कुत्र्याचं मला माहीत नाही, तू पिसाळलेला दिसतोस. मी पशुवैद्याला फोन केला. त्यांच्याकडे एप्रिलशिवाय वेळ नव्हती. गावसभेच्या आधीच्या शनिवारी अग्निशमन केंद्रात लस शिबिर होतं, तेवढी एकच वाट उरली.

इथे लाइल आला. लाइल फेनिक आमच्या रस्त्यापलीकडे राहतो, मेपलचा पाक करतो, आणि पाक उकळत असताना त्याला दुसरं काही काम नसल्यामुळे सल्ले देतो. त्याच्याइतका उंटावरचा शहाणा आमच्या तालुक्यात दुसरा नाही. त्याच्या सल्ल्याने मी एकदा छतावरचा बर्फ मीठ टाकून वितळवायला गेलो होतो, आणि त्या छताचा विषय आमच्या घरात अजून निघत नाही. तरी मी त्याच्या पाकघरात जाऊन बसलो, कारण तिथे ऊब असते आणि माझं कुणीतरी ऐकून घेतं.

"तू मूर्ख आहेस, ऑरिन," लाइल झाऱ्याने पाक ढवळत म्हणाला. "साधा कुत्रा म्हणून का नेतोस? सेवा-कुत्रा म्हणून ने. त्याला फी नाही, प्रश्न नाहीत, लस-बिस कुणी विचारत नाही. माझ्या मेहुण्याच्या बहिणीने मांजराचं केलंय."

संगणकावर म्हणे नोंदणी होते. फॉर्म भरा, फोटो लावा, घरी ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि लाल जाकीट येतं. मी अध्यक्ष माणूस, मला हे पटलं नाही. पण सासूबाई रोज संध्याकाळी सदनिकेचा नकाशा काढून डोलखुर्ची कुठे ठेवायची त्यावर पेन्सिलने खुणा करत होत्या, पुसत होत्या, पुन्हा करत होत्या. मी संगणकासमोर बसलो.

आठवड्याभरात पाकीट आलं, ते व्हर्नाकडे जायच्या दिवशी सकाळी. लाल जाकिटावर पांढऱ्या अक्षरांत 'सेवा-कुत्रा, हात लावू नये' लिहिलेलं होतं. टर्निपने ते अंगात घातलं आणि तसाच आडवा झाला, कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. मी पाकीट खिशात घातलं, त्याला उचलून गाडीत ठेवलं आणि चिखलातून कार्यालय गाठलं. बर्फ वितळायच्या मोसमात आमच्या रस्त्यांना रस्ते म्हणायचं ते केवळ सवयीने.

कार्यालयात पाच-सहा माणसं होती. गावसभेच्या आधीचा गुरुवार, सगळ्यांना काही ना काही हवं होतं. मी छाती काढून ओळखपत्र टेबलावर ठेवलं. व्हर्नाने चष्मा लावला, ओळखपत्र बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं.

"यात कुत्रा तू आहेस," ती म्हणाली.

फॉर्ममध्ये दोन फोटो लावायचे होते, एक मालकाचा आणि एक प्राण्याचा. ते अदलाबदल झाले होते. मी कार्डाकडे हात नेला, पण व्हर्ना समास आखून वाचणारी बाई, तिने शेवटपर्यंत वाचलं. "नाव टर्निप. जात मिश्र. रंग तपकिरी, थोडा करडा. स्वभाव शांत, अनोळखी माणसांत लाजतो." इथे ती जरा थांबली. "नसबंदी झालेली."

मागे कुणी हसलं नाही. आमच्याकडचे लोक सभ्य आहेत. सगळे एकाच वेळी खोकले.

मग तिने मला तो प्रश्न विचारला जो कायद्याने तिला विचारता येतो. हा कुत्रा कोणत्या कामासाठी शिकवलेला आहे? मी म्हणालो, तो सासूबाईंजवळ असतो. ती म्हणाली, ते काम नाही, ती संगत आहे. आंधळ्याला रस्ता दाखवणारा, झटका यायच्या आधी सावध करणारा, तो सेवा-कुत्रा. त्याची फी माफ असते, पण परवाना त्यालाही लागतो आणि लसही लागते. आणि हा भावनिक आधाराचा कुत्रा. डॉक्टरचं पत्र घरमालकासाठी असतं. गावाच्या लेखी तो कुत्राच, फी तीच, लस तीच, परवाना तोच.

"म्हणजे हे जाकीट?" मी विचारलं.

"थंडीत उपयोगी पडेल," व्हर्ना म्हणाली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तोही माझ्याच फोटोसकट.

बाहेर पडताना चेहरा लपवायला म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. तिथे त्या वर्षी परवाना मिळालेल्या कुत्र्यांची यादी लावली होती, व्हर्नाच्या हस्ताक्षरात, क्रमवार. ती दोन नंबरपासून सुरू होत होती. एक नंबर नव्हताच. मी वरून खाली आणि खालून वर पाहिलं. सव्वीस वर्षांत जिने एक स्वल्पविराम चुकवला नाही, तिने चक्क एक आकडा गिळला होता. मला इतका आनंद झाला की मी तो वहीत लिहून ठेवला. माणूस म्हणून ही गोष्ट शोभादायक नाही, पण खोटं कशाला बोलू.

शनिवारी शिबिर. अग्निशमन केंद्रात गावातले सगळे कुत्रे, आणि उशांच्या अभ्र्यांत घालून आणलेली मांजरं. टर्निपने डॉक्टरांच्या हातातली सुई पाहिली आणि जाकिटासकट बंबाच्या केबिनमध्ये उडी मारली. बोलावून येईना. मी आत चढलो. त्याला कवेत धरून मागे सरताना माझं कोपर कशावर तरी टेकलं, आणि भोंगा सुरू झाला.

बंबाचा भोंगा बंद खोलीत कसा ऐकू येतो ते मी सांगत नाही. कुत्रे सुटले, अभ्रे चालायला लागले. आमचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं, नोकरी-धंदा सांभाळून आग विझवणारी. भोंगा ऐकून ती मिळेल त्या वाहनाने निघाली. पाच मिनिटांत नऊ जण हजर. एक जण अर्ध्या गालाला साबण लावून आला होता आणि आमचे पाद्री पायजम्यावर बूट घालून. आग कुठे आहे म्हणून सगळे विचारत होते. डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

पण त्या गडबडीत टर्निप माझ्या मांडीवर घाबरून निपचित पडला होता, आणि डॉक्टरांनी तिथेच केबिनमध्ये चढून त्याला लस टोचली. दाखला हातात पडला. ताजा, कोरडा, तीन वर्षांचा. मी तो पाद्रींना दाखवला, ते म्हणाले, देव तुझं भलं करो, पण मला आता घरी सोड.

दाखला तर आला, पण आता कार्यालय कधी उघडणार? मंगळवारी गावसभा, व्हर्ना दिवसभर सभेचं इतिवृत्त लिहिणार, कार्यालयाला कुलूप. पुढचा उघडा दिवस गुरुवार. आणि मुदत बुधवारी दुपारी बारा. बुधवारी कार्यालय बंद. का बंद, तर चार वर्षांपूर्वी एका अध्यक्षाने हातोडा आपटला म्हणून.

हे मी नडीनला सांगितलं तेव्हा तिने आधी नुसतं माझ्याकडे बघितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बायकोला बोलायची गरज नसते. व्हर्नाच्या घरी फोन कर, एवढं म्हणाली. मी केला नाही. ज्या बाईने मला गावासमोर कुत्रा म्हणून वाचून दाखवलं, तिच्याकडे मी उपकार मागायला जाणार नव्हतो. सदनिकेच्या व्यवस्थापिकेला फोन केला, दोन दिवस मागितले. ती फार गोड बोलली आणि नाही म्हणाली.

रविवारी संध्याकाळी सासूबाईंनी सदनिकेचा नकाशा घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवला. पेन्सिलीच्या सगळ्या खुणा पुसल्या होत्या.

"ऑरिन, राहू दे आता," त्या म्हणाल्या. "तू फार खटपट केलीस. मी राहीन इथेच."

"इथे काही कमी आहे का?" मी विचारलं. आवाज जरा चढा लागला.

"काही कमी नाही रे. मला फक्त एक दार हवं होतं, जे मी आतून उघडीन. होबर्ट गेल्यापासून मी कुणाच्या तरी दारात उभी असल्यासारखी वाटते. तुमचा दोष नाही त्यात."

त्या गेल्यावर मी तो पुसलेला नकाशा उघडून बघितला. मला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की माझा राग वाढतो, हा माझा जुना दोष आहे. तो राग मी व्हर्नाच्या नावावर टाकला. दोन नंबरपासून सुरू होणारी यादी माझ्या वहीत होती.

मंगळवारी हॉल भरला. मागच्या भिंतीपाशी चर्चच्या बायकांनी जेवणाची टेबलं लावली होती, भाजलेल्या शेंगा, हॅम, आणि 'पाय' म्हणतात त्या फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचे चौदा प्रकार. तिसऱ्या रांगेत सासूबाई विणत बसल्या होत्या, त्यांच्या खुर्चीखाली टर्निप लाल जाकिटात. मीच म्हणालो होतो, आणा त्याला, फुकट नको जायला जाकीट. व्हर्ना माझ्या डावीकडे, पुढ्यात इतिवृत्ताची वही, पायाशी चामडी पिशवी. आम्ही एकमेकांना नमस्कार केला नाही.

रस्ते झाले, शाळा झाली, रस्त्यावरचा बर्फ सारायच्या नवीन फाळावर दीड तास भांडण झालं. मग विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय आला, 'इतर किरकोळ'. अध्यक्षाला स्वतः बोलायचं असेल तर हातोडा दुसऱ्याकडे द्यावा लागतो. अकरा वर्षांत मी तो कधी दिला नव्हता. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलेल्या लाइलला पुढे बोलावून तो त्याच्या हातात दिला आणि खाली उतरलो. हॉलमधल्या सुया थांबल्या.

मी वही काढली. कुत्र्यांच्या परवान्यांची यादी दोन नंबरपासून सुरू होते, असं मी म्हणालो. एक नंबर गायब आहे. गावाच्या दप्तरात अशी चूक कशी झाली, हे क्लार्कबाईंनी सभेला सांगावं. मी हे सगळं फार सुरेख भाषेत म्हणालो. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

व्हर्ना उठली. तिने पेन खाली ठेवलं.

"चूक नाही ती, अध्यक्षमहाराज," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं जानेवारीत कार्यालय उघडायच्या पहिल्या दिवशी, नऊच्या ठोक्याला, होबर्ट सिअर्स दारात उभा असायचा. आधी जुन्या कुत्र्याला घेऊन, मग टर्निपला. परवान्याचा एक नंबरचा बिल्ला घ्यायचा, माझ्याकडचा एक डोनट खायचा, एक घरी न्यायचा. या जानेवारीत नऊ वाजले आणि मी दाराकडे बघत बसले. साडेनऊला दुसरं कुणीतरी आलं. मला त्यांना एक नंबर देववेना. मी दोनपासून सुरू केलं. म्हटलं, विनिफ्रेड येईल तेव्हा देऊ."

मला कॉफीचा डबा आठवला. तो बिल्ल्यांचा ढीग मी खिळ्यांसारखा बाजूला ओतला होता. घरात आम्ही सगळे समजत होतो की म्हातारा दर वर्षी थंडीत डोनट खायला गावात जातो.

"ऑरिन दोनदा आला, दोन्ही वेळा मी खणात हात घातला," व्हर्ना पुढे म्हणाली. "पण कागद नव्हता. कागदाशिवाय मी होबर्टलाही दिला नसता, आणि त्याने घेतलाही नसता. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो स्वतःच कुत्रा होता." या वेळी मात्र कुणी खोकलं नाही, सरळ हसले. "लस झाली हे सगळ्या गावाला ऐकू आलंच आहे. दाखला आणला असेल तर नोंदवही आणि बिल्ला दोन्ही माझ्या पिशवीत आहेत. आजच आणलेत, कारण बुधवारी कार्यालय बंद असतं." ती माझ्याकडे वळली. "पण हे काम विषयपत्रिकेवर नाही. तेव्हा ते नियमबाह्य असावं. अध्यक्षमहाराजांनी सांगावं."

दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. आणि खरं सांगायचं तर ती बरोबर बोलत होती. सभा चालू असताना ते नियमबाह्यच होतं.

तेव्हा लाइलने हातोडा आपटला. त्याला हातोडा फार आवडला असावा, कारण त्याने तो तीनदा आपटला. "सभा पंधरा मिनिटं तहकूब," तो म्हणाला. "सभाच नसेल तर नियमबाह्य काय होणार? व्हर्ना, काढ वही." लाइलने आयुष्यात दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला, आणि तोही हातोड्यासकट.

मी दाखला पुढे केला. सासूबाई विणकाम हातातच घेऊन आल्या. व्हर्नाने वही त्यांच्यापुढे सरकवली आणि सहीची जागा दाखवली. होबर्टच्या नावाखाली त्यांनी आपलं नाव लिहिलं, सावकाश, सगळी अक्षरं. मग व्हर्नाने पिशवीतून कागदात गुंडाळलेला बिल्ला काढला.

"मला वाटायचं, डोनटसाठी जातो," सासूबाई म्हणाल्या.

"डोनट बरे नसायचेच माझे," व्हर्ना म्हणाली. "तेलकट व्हायचे. तो रांगेतल्या पहिल्या नंबरासाठी यायचा. एकदा मला म्हणाला, शेतात माझा कुठेच पहिला नंबर येत नाही, इथे तरी येतो."

सासूबाई हसल्या. ऑक्टोबरनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो, आणि मग त्या हसत असतानाच रडायला लागल्या. नडीन त्यांना धरायला पुढे आली. मी गुडघ्यावर बसून टर्निपचं ते लाल जाकीट काढलं आणि बिल्ला त्याच्या पट्ट्यात अडकवला. मला नीट दिसत नव्हतं, म्हणून वेळ लागला. टर्निपने माझं कोपर चाटलं, बहुधा भोंग्याची आठवण होऊन.

जाकीट निघाल्यावर तो सेवेतून मुक्त झाला. सगळं गाव नाक पुसत असताना तो मागच्या टेबलापर्यंत गेला आणि अख्खा हॅम घेऊन टेबलाखाली शिरला. चर्चच्या बायकांनी त्याला काही केलं नाही. एक नंबरचा कुत्रा आहे, म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी शेंगा खाल्ल्या.

बुधवारी सकाळी नऊला परवान्याची प्रत व्यवस्थापिकेच्या टेबलावर होती, आणि दुपारी मी डोलखुर्ची उचलून नदीकाठी नेली. सासूबाईंनी आम्हाला बाहेर उभं केलं, आत गेल्या, दार लावलं, आणि मग आतून उघडलं. "या," म्हणाल्या, "पाय पुसून या."

इतिवृत्त पुढच्या महिन्यात छापून आलं. त्यात व्हर्नाने लिहिलं होतं की अकरा चाळीसला सभा तहकूब झाली आणि 'अध्यक्षांच्या डोळ्यांत धूळ गेल्यामुळे' ती पंधराऐवजी पस्तीस मिनिटं तहकूब राहिली. मी दुरुस्ती सुचवली नाही. उलट घरोघर चिखलातून हिंडून सह्या गोळा केल्या आणि बुधवारच्या मदतनिसाचा विषय पुढच्या विषयपत्रिकेवर रीतसर घातला. पहिली सही लाइलने केली आणि सह्या कशा गोळा कराव्यात याबद्दल चार सल्ले दिले.

यंदा जानेवारीत मी ठरवलं की सासूबाईंना थंडीत त्रास नको, आपणच परवान्याचं काम करून टाकू. दाखला खिशात घातला, पावणेनऊला कार्यालय गाठलं. दाराशी गुडघाभर बर्फ. आणि बर्फात माझ्या आधी कुणीतरी उभं होतं, काठी टेकून, शाल गुंडाळून, शेजारी टर्निप. सदनिकेच्या गाडीने त्या साडेआठलाच येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी म्हणालो, विनिफ्रेड, मला सांगायचं होतंत, मी आलो असतो.

"एक नंबर दुसऱ्याने आणून द्यायचा नसतो," सासूबाई म्हणाल्या. "तू माझ्या मागे उभा राहा, ऑरिन. दोन नंबर मोकळा आहे. पण तुला आधी कुत्रा पाळावा लागेल."

आतून डोनट तळल्याचा वास येत होता. मी त्यांच्या मागे उभा राहिलो.